चुना आधी मोजा: अल्कधर्मी वाफ्यांचा सामू उतरवण्याच्या नोंदी

१२ जानेवारी

काम ठरले. बागेतले दोन वाफे आम्लप्रिय झाडांसाठी तयार करायचे. पहिला भिंतीलगतचा, दुसरा मागच्या कोपऱ्यातला. लावायचे आहेत अनंत, कॅमेलिया, हायड्रेंजिया आणि ब्लूबेरी. सामू म्हणजे पीएच, मातीच्या आम्लतेचा आकडा: ७ उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. अनंताला ५ ते ६.५ सामू मानवतो, कॅमेलियाला ५.५ ते ६.५. ब्लूबेरी सगळ्यांत हट्टी, तिला ४.५ ते ५.५ च लागतो.

भिंतीलगत एक अनंत आधीपासून आहे आणि त्याच्याकडे बघवत नाही. आज शेंड्याचे एक पान तोडून उजेडात धरले. शिरा हिरव्या, अगदी बारीक उपशिरासुद्धा हिरव्या, आणि त्यांच्या मधला सगळा भाग पिवळट पांढरा. खालची जुनी पाने मात्र गडद. ही लोहाची कमतरता. झाडात लोह जुन्या पानातून नव्या पानाकडे सहज जात नाही, म्हणून कोवळी पाने आधी पिवळी पडतात. नत्र कमी पडले असते तर जुनी पाने आधी पिवळी पडली असती. मातीत लोह नसते असे नाही, भरपूर असते. पण सामू वाढला की ते विरघळतच नाही. फेरिक लोहाच्या आयनांचे प्रमाण सामूच्या प्रत्येक अंकामागे हजारपट घटते. अशा जमिनीत नुसते लोह ओतत राहणे म्हणजे ते वाया घालवणे.

१५ जानेवारी

नमुने घेतले. दोन्ही वाफ्यांत वेगवेगळ्या जागी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा करून, त्याच्या कडेची २० सेंटिमीटरपर्यंतची माती खरवडून घेतली. प्रत्येक वाफ्याची माती वेगळी कालवली, सावलीत वाळत घातली. खुरप्याला खताचा अंश नको म्हणून ते आधी धुऊन घेतले. भिंतीलगतच्या मातीत पांढरे खडे सापडताहेत. बोटांनी दाबले की भुगा होतो, वाळूचे कण आणि पांढरी पूड उरते. बांधकामाचा गिलावा आहे हा.

१७ जानेवारी

सामू मोजला. २० ग्रॅम चाळलेली कोरडी माती, ५० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, अर्धा तास अधूनमधून ढवळायचे, मग मीटरचा इलेक्ट्रोड वरच्या गढूळ पाण्यात बुडवायचा. त्याआधी मीटर ७ आणि ४ सामूच्या बफर द्रावणांवर लावून घेतला. मातीत थेट खुपसायचे दोन दांड्यांचे स्वस्त मीटर मिळतात, त्यांच्या आकड्यावर मी एकही निर्णय घेणार नाही. ओलावा बदलला की त्यांचा आकडा बदलतो.

भिंतीलगत ८.१. मागचा कोपरा ७.४.

यापुढेही हीच पद्धत, हेच प्रमाण. मातीत पाणी किती घातले, पाण्याऐवजी कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण वापरले का, यावर आकडा अर्ध्या-एक अंकाने सहज हलतो. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याशी ताडायचा नाही.

सामूची मोजपट्टी डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये मांडली, आणि ती दशपटीची आहे. ७.४ वरून ५.५ म्हणजे दोन अंकांचाही फरक नाही असे वाटते, प्रत्यक्षात आम्लता सुमारे ८० पट वाढवायची आहे. पण जमिनीच्या बाबतीत ही ८० पटसुद्धा खरी अडचण नाही. खरा प्रश्न आहे, जमीन किती विरोध करणार. तो विरोध सामूच्या आकड्यात दिसत नाही.

१८ जानेवारी

व्हिनेगरची चाचणी. दोन वाट्यांत कोरडी माती, वर व्हिनेगर. मागच्या कोपऱ्याची माती भिजली, काहीच झाले नाही. भिंतीलगतच्या मातीत लगेच बुडबुडे. वाटी कानाजवळ नेली तर बारीक फसफस स्पष्ट ऐकू येते. एक पांढरा खडा उचलून वेगळा भिजवला, तो फेसाने झाकूनच गेला. मुक्त चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे.

या दोन वाट्यांमुळे माझ्या लेखी दोन्ही वाफे आता वेगळे प्रकल्प झाले. दोन्ही नमुने प्रयोगशाळेत पाठवले. सामूबरोबर मुक्त चुन्याची टक्केवारी आवर्जून मागितली आहे, पाण्याचा नमुनाही दिला आहे.

२ फेब्रुवारी

अहवाल आला. भिंतीलगत मुक्त चुना ९ टक्के. मागच्या कोपऱ्यात आढळला नाही. जमीन दोन्हीकडे पोयट्याची.

संध्याकाळी हिशेब मांडला. तो इथे पूर्ण लिहितो, कारण ‘किती गंधक घालू’ या प्रश्नाचे उत्तर यातच आहे.

एक चौरस मीटर, २० सेंटिमीटर खोली. घनता १.३ धरली तर माती २६० किलो. तिच्या ९ टक्के चुना म्हणजे सुमारे २३ किलो. गंधकाचे मातीत गंधकाम्ल होते, आणि ३२ ग्रॅम गंधकापासून झालेले आम्ल १०० ग्रॅम चुना मारते. म्हणजे २३ किलो चुन्याला साडेसात किलोच्या आसपास गंधक, एका चौरस मीटरला. आणि एवढे घालून सामू कुठे येतो? चुना संपतो, बस. तोवर तो आठाच्या आसपासच रेंगाळणार, कारण चुना शिल्लक आहे तोपर्यंत तयार होणारे आम्ल तो गिळत राहतो. खरी उतरण चुना संपल्यावर सुरू होते. शिवाय त्या विक्रियेतून जिप्सम तयार होते. २३ किलो चुन्यापासून ४० किलो. २६० किलो मातीत ४० किलो जिप्सम! अशा मातीत कोण झाड लावेल?

मागच्या कोपऱ्यात चुना नाही. तिथे मातीचे कण आणि सेंद्रिय पदार्थ यांनी धरून ठेवलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम हटवायचे एवढेच काम. पोयट्याच्या जमिनीत ७.४ वरून ५.५ च्या आसपास यायला चौरस मीटरला २०० ते २५० ग्रॅम गंधक लागेल असा अंदाज. वाळूच्या जमिनीत याच्या निम्म्याहूनही कमी पुरते, चिकण जमिनीत बरेच जास्त लागते.

सामू ८.१ आणि ७.४. फरक एका अंकाहूनही कमी. गंधक साडेसात किलो आणि पाव किलो. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, सामू मोजून थांबू नका, चुना मोजा.

५ फेब्रुवारी

निर्णय. मागचा कोपरा गंधकाने उतरवायचा. भिंतीलगतच्या मातीशी भांडायचे नाही, तिच्यावर उंच वाफा बांधून वेगळे माध्यम भरायचे.

बाकीचे पर्याय का सोडले, तेही नोंदवतो.

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट लवकर काम करते, आठवड्यांत. पण ८० ग्रॅम गंधकाएवढे काम करायला सुमारे ७०० ग्रॅम हिराकस लागते, आणि तेवढे क्षार मातीत जातात. ॲल्युमिनियम सल्फेटही गंधकाच्या सहा-सात पट लागते. ते वारंवार घातले तर ॲल्युमिनियम साठून मुळांना विषारी ठरू शकते. हायड्रेंजियाची फुले निळी करायला थोडेसे वापरतात ते ठीक, पण अख्खा वाफा उतरवायला मी ते वापरणार नाही.

जिप्सम. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की वाईट वाटते. जिप्सममध्ये गंधक असते खरे, पण ते सल्फेटच्या रूपात आधीच पूर्ण जळलेले असते, त्यातून आणखी आम्ल निघत नाही. जिप्समचा उपयोग चोपण जमिनीत, जिथे सोडियममुळे सामू ८.५ च्या वर गेलेला असतो. तिथे कॅल्शियम सोडियमला हटवते आणि सामू खाली येतो. चुनखडीच्या जमिनीत जिप्सम घालून सामू उतरत नाही.

शेजारच्या काकू कॉफीचा चोथा डबाभर घेऊन आल्या. म्हणाल्या, “आंबट असतो बघ, घाल तुझ्या अनंताला.” त्यांना सांगितले, “काकू, आंबटपणा बराचसा कॉफीत उतरतो, चोथा जवळपास उदासीनच राहतो. पण फेकू नका, कंपोस्टला छान आहे.” चोथा कंपोस्टमध्ये गेला. पाइनच्या सुयांचेही असेच. ताज्या असताना आम्लधर्मी, कुजल्यावर जमिनीच्या सामूवर फारसा परिणाम नाही. आच्छादन म्हणून उत्तम, औषध म्हणून नाही.

१६ फेब्रुवारी

थंडी सरली, माती कोमट व्हायला लागली. मागच्या कोपऱ्यात गंधकाचा पहिला हप्ता, चौरस मीटरला ८० ग्रॅम. एकूण तीन हप्ते ठरवले आहेत. एका वेळी १०० ग्रॅमच्या वर जायचे नाही.

भुकटी जितकी बारीक तितके काम लवकर, पण डोळ्यांत गेली तर खूप झोंबते आणि ठिणगी पडली तर पेट घेते. वारा पडलेला असताना, चष्मा आणि मास्क लावून, आधी कोरड्या मातीत कालवून मग पसरली. खुरप्याने १५-२० सेंटिमीटरपर्यंत मिसळली. वर नुसती भुरभुरवून ठेवली तर महिनोन्महिने तशीच पिवळी पडून राहते. झाडे लावण्याआधीच हे करायचे, कारण या झाडांची मुळे उथळ, नंतर खणता येत नाही.

गंधक स्वतः आम्ल नाही. त्याचे आम्ल जिवाणू करतात. त्यातला सर्वांत जोमदार सेलमन वाक्समन आणि जेकब जॉफी यांनी १९२२ मध्ये मातीतून वेगळा केला आणि त्याला थायोबॅसिलस थायोऑक्सिडन्स नाव दिले. (हेच वाक्समन पुढे स्ट्रेप्टोमायसिनसाठी १९५२ चे नोबेल मिळवतात.) या जिवाणूंना ऊब हवी, ओल हवी आणि हवा हवी. थंड मातीत ते जवळजवळ थांबतात. पाणी साचून हवा गेली तर उलटाच प्रकार, दुसरे जिवाणू सल्फेटचे हायड्रोजन सल्फाइड करतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. म्हणून वाफ्याचा निचरा आजच पुन्हा तपासला. पाण्याने भरलेला खड्डा तासाभरात रिकामा झाला, ठीक आहे.

११ मार्च

मूठभर माती हातावर पसरली. पिवळे कण अजून दिसतात, पण कडा झिजल्यासारख्या. सामू मोजला नाही, एवढ्यात मोजून काही कळत नाही. माती ओलसर ठेवतो आहे.

९ एप्रिल

उंच वाफ्याचे काम. भिंतीपासून हातभर जागा सोडून लाकडी फळ्यांची ४५ सेंटिमीटर उंच चौकट. दगडविटा आणि सिमेंट वापरले नाही, त्यातून चुना सुटत राहतो. तळाशी पाणी जाऊ देणारे, मुळांना अडवणारे जाड कापड.

खड्डा खणून त्यात आम्लधर्मी माती भरावी, असे बरेच जण सुचवतात. चुनखडीच्या जमिनीत ते करू नये. आजूबाजूचे चुनायुक्त पाणी त्याच खड्ड्यात उतरते आणि भरलेली माती हळूहळू पुन्हा अल्कधर्मी होते. भर जमिनीच्या वर हवी, म्हणजे पाणी तिच्यातून बाहेर जाते, तिच्यात येत नाही.

भरायला पाइनच्या सालीचा बारीक भुगा मुख्य, थोडे स्फॅग्नम पीट (दलदलीतले अर्धवट कुजलेले शेवाळ), थोडी धुतलेली वाळू. पीटचा सामू ३.५ ते ४.५ असतो, काम सोपे होते. तरी पीट कमीत कमी घेतले, दलदली तयार व्हायला हजारो वर्षे लागतात आणि त्यात प्रचंड कार्बन साठलेला असतो. कोकोपीट पाणी छान धरते, पण त्याचा सामू साडेपाच ते पावणेसात, त्याच्या भरवशावर ब्लूबेरी लावता येत नाही. वाळूवरही व्हिनेगर टाकून पाहिले, फेस आला नाही. शिंपल्यांचे तुकडे असलेली वाळू असती तर सगळ्यावर पाणी पडले असते. राख, हाडांचा चुरा आणि खच्चून शेणखत यांतले काहीही नाही.

ब्लूबेरीला आम्लधर्मी जमीनच लागते, हे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले. त्याआधी लोक ती खतावलेल्या सुपीक बागेत लावत आणि ती मरत असे. तिला केशमुळे नसतात, अन्न घ्यायला ती मुळांतल्या बुरशीवर अवलंबून असते. चांगल्या खताने तिचे भले होईल ही समजूत आजही टिकून आहे.

२२ एप्रिल

आज पाण्याचा हिशेब. हा भाग लोक विसरतात आणि मग दोन वर्षांनी म्हणतात, गंधक चालले नाही.

पाण्याच्या अहवालात सामू ७.६ आहे, तो बाजूला ठेवला. बघायची ती अल्कता, म्हणजे पाण्यातले बायकार्बोनेट. ती चुन्याच्या हिशेबात लिटरला २१० मिलिग्रॅम आहे. एका चौरस मीटरला वर्षभर रोज सरासरी ५ लिटर पाणी धरले तर १८२५ लिटर, म्हणजे सुमारे ३८० ग्रॅम चुना. तो मारायला १२० ग्रॅमहून जास्त गंधक. माझा एक हप्ता ८० ग्रॅमचा. म्हणजे मी वर्षभर हे पाणी घातले तर दीड हप्ता पाण्यातच जाणार. निचऱ्यावाटे काही वाहून गेले, तरी दिशा हीच.

छपराचे पावसाचे पाणी साठवायला प्लास्टिकची टाकी जोडायची ठरवली. पावसाच्या पाण्याचा सामू साधारण ५.६ असतो आणि अल्कता नगण्य. सिमेंटची टाकी नको, नवे सिमेंट पाण्यात चुना सोडते.

तोवर नळाच्या पाण्यात सायट्रिक आम्ल, लिटरला सुमारे ०.३ ग्रॅम, म्हणजे अल्कतेचा मोठा भाग जातो. हा उपाय तात्पुरताच आहे. मातीतले जिवाणू सायट्रेट खाऊन टाकतात आणि त्यातून बायकार्बोनेट पुन्हा तयार होते. व्हिनेगर ओतून सामू उतरत नाही तो याच कारणाने. खनिज आम्लाचा परिणाम टिकतो, पण तीव्र गंधकाम्ल घरच्या बागेत हाताळणे मला मान्य नाही.

२८ एप्रिल

मागचा कोपरा ७.२. उतरण सुरू झाली.

३ जून

मागचा कोपरा ६.८. माती चाळताना पिवळा कण क्वचितच दिसतो. दुसरा हप्ता, पुन्हा ८० ग्रॅम. पहिल्याचा परिणाम दिसल्याशिवाय दुसरा घालायचा नाही, हा नियम पाळला. घाईने दुप्पट घातले आणि सामू चारावर गेला तर मँगेनीज आणि ॲल्युमिनियम मोकळे होऊन मुळे जळतात, आणि मग तिथे चुना घालायची वेळ येते.

उंच वाफ्याचा सामू ४.९. ब्लूबेरीची रोपे लावली. मुळांचा गोळा हाताने हलकेच मोकळा केला, खोल गाडला नाही, वर सालीचे बोटभर जाड आच्छादन.

भिंतीलगतच्या जुन्या अनंताला चिलेटेड लोह दिले, म्हणजे सामू जास्त असला तरी विरघळलेले राहावे म्हणून सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेले लोह. डबा नीट वाचून घेतला. ईडीटीए प्रकारचे चिलेट साडेसहाच्या वर लोह सोडून देते, डीटीपीए साडेसातपर्यंत तग धरते. आठाच्या जमिनीत फक्त ईडीडीएचए चालते.

२४ जून

अनंताचा नवा शेंडा हिरवा निघाला. आधीची पांढुरकी पाने मात्र पुरती हिरवी झाली नाहीत. हा दिलासा आहे, इलाज नव्हे, पुन्हा द्यावे लागेल. हवेत गारवा आला की झाड उचलून मागच्या कोपऱ्यात हलवायचे.

१९ जुलै

पावसाची टाकी भरली. सायट्रिक आम्ल बंद.

१२ सप्टेंबर

मागचा कोपरा ६.१, पण वाफ्यात सगळीकडे सारखे नाही. पायवाटेकडची कड ६.६. ती वाट चुनखडीच्या खडीची आहे, पावसात तिच्यावरचे पाणी वाफ्यात उतरते. वाटेच्या बाजूला उथळ चर काढला आणि पाणी दुसरीकडे वळवले. तिसरा हप्ता घातला, कडेला किंचित जास्त.

ब्लूबेरीची वाढ चांगली. खत फक्त अमोनियम सल्फेट, चिमटीने आणि थोड्या थोड्या दिवसांनी. ही झाडे नत्र अमोनियमच्या रूपात घेतात. शिवाय हे खत स्वतः आम्लता वाढवते, १०० किलो खताची आम्लता मारायला ११० किलो चुना लागतो. नायट्रेटची खते उलट दिशेला नेतात, ती या वाफ्यांपासून दूर.

६ डिसेंबर

मागचा कोपरा ५.७, कड ५.९. अनंत मातीच्या मोठ्या गोळ्यासकट हलवायचे मनात होते, पण त्या गोळ्यात ९ टक्के चुना. त्यामुळे बाहेरची माती मुळांना धक्का न लावता जमेल तेवढी झटकली, फांद्या तिसरा हिस्सा छाटल्या आणि मग लावले. शेजारी कॅमेलिया.

हायड्रेंजियाची जागा कडेला ठरवली. साडेपाचच्या खाली ॲल्युमिनियम मिळाले की फुले निळी, साडेसहाच्या वर गुलाबी. ५.९ ला मधला जांभळा रंग येण्याची शक्यता जास्त. निळाच हवा असेल तर कडेचा सामू आणखी उतरवावा लागेल, आणि स्फुरद कमी ठेवावे लागेल, कारण ते ॲल्युमिनियम बांधून टाकते. पांढऱ्या जातीचा रंग बदलत नाही, म्हणून रोप गुलाबी जातीचे घेतले.

चौथा हप्ता आता नाही. माती गार झाली आहे, जिवाणू जवळजवळ थांबलेले. फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा मोजायचे. ५.७ च्या वर गेला असेल तर चौरस मीटरला ३० ग्रॅम, तेही आच्छादन बाजूला करून वरच्या मातीत हलक्या हाताने, मुळांना न दुखवता. नसेल तर काही घालायचे नाही.